‘एकच प्याला’तील कुटुंब आणि साहाय्याचा प्रश्न : व्यसन-उपचार व निराधार योजनांच्या संदर्भात एक पुनर्वाचन

प्रस्तावना

राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडस यांचा सुधाकर पाहण्याचे भाग्य नाटककाराच्या वाट्याला आले नाही. मात्र मद्यपानावरील मराठीतील सर्वांत परिणामकारक नाट्यकृती म्हणून या नाटकाचे स्थान तेव्हापासून आजतागायत अबाधित राहिले आहे.

या नाटकाची समीक्षा प्रामुख्याने तीन अंगांनी झाली. पहिल्या प्रकारच्या समीक्षेने सुधाकराकडे शोकात्म नायक म्हणून पाहिले आणि त्याच्या स्वभावातील उणिवेचा शोध घेतला. दुसऱ्या प्रकारच्या समीक्षेने सिंधूच्या पातिव्रत्याचा प्रथम गौरव केला व पुढील काळात त्याच पातिव्रत्यावर टीका केली. तिसरीने तळीरामाचा विनोद, गडकऱ्यांची कल्पनाविलासी भाषा व संवादांचा भरजरीपणा यांची चर्चा केली. या तिन्ही वाचनांचे महत्त्व मान्य करूनही एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. मिळवता पुरुष व्यसनाधीन झाल्यावर उघड्यावर पडलेल्या या घराला मदत कोण करू पाहते, ती कोणत्या अटीवर करू पाहते आणि ती त्या घरापर्यंत का पोहोचत नाही ? प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाच्या आधारे नाटकाचे पुनर्वाचन केले आहे. शासकीय अर्थसाहाय्यावर जगणारी कुटुंबे आणि त्यांतील व्यसनाधीन व्यक्तींचे उपचार यांचा संबंध आजही नीट जुळलेला नाही. या विसंगतीचे मूळ समजून घेण्यास गडकऱ्यांचे नाटक साहाय्यभूत ठरते, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

घसरणीचा आर्थिक आलेख

‘एकच प्याला’ हे मद्याविषयीचे नाटक आहे, तितकेच ते मिळकतीविषयीचेही नाटक आहे. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील आहे. न्यायालयात मुन्सफाशी झालेल्या खटक्यातून त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. हा अपमान विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. येथे घटनांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम उत्पन्न थांबते, मग दारू येते आणि त्यानंतर उत्पन्न पुन्हा सुरू होण्याची शक्यताच दारू संपवून टाकते. दारिद्र्यातून व्यसन की व्यसनातून दारिद्र्य, या नेहमीच्या वादाला गडकरी एकेरी उत्तर देत नाहीत. दोहोंचे परस्परांना पोसणारे चक्र ते दाखवितात.

या चक्राचा भार कोणावर पडतो, हेही नाटककाराने नेमकेपणाने टिपले आहे. वकिलाच्या घरातील सुखवस्तू स्त्री अखेर दुसऱ्यांचे दळण दळू लागते. सिंधूच्या जात्याकडे आजवर करुणरसाचा उद्दीपक म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात तो या कुटुंबाच्या ताळेबंदातील जमेच्या बाजूचा एकमेव आकडा आहे. सुधाकर पितो तेव्हा घर चालते ते सिंधूच्या श्रमावर. आजच्या नागपुरात धुणीभांडी करून, बांधकामावर रोजंदारी करून किंवा घरोघरी पोळ्या लाटून संसार ओढणाऱ्या स्त्रीच्या आणि सिंधूच्या स्थितीत या दृष्टीने मूलभूत अंतर नाही. व्यसनाधीन पुरुषाच्या घरातील दुसरे उत्पन्न हे बहुधा स्त्रीचे असते आणि अनेकदा त्यातूनच दारूचाही खर्च भागतो.

साहाय्याची तीन रूपे

सिंधूच्या घराकडे साहाय्य तीन वाटांनी येते. पहिली वाट माहेरची आहे. पद्माकर हा संपन्न भाऊ बहिणीला त्या घरातून सोडवून नेऊ इच्छितो. दुसरी वाट स्नेह्याची आहे. रामलाल हा सुधाकराचा हितचिंतक उपदेशाने व आपुलकीने त्याला सावरू पाहतो. तिसरी वाट शेजारधर्माची आहे. तळीरामाची पत्नी गीता, जी स्वतःच व्यसनी नवऱ्याची बळी आहे, तीच सिंधूला आधार देते. पहिल्या दोन वाटा पुरुषांच्या, संपन्नांच्या आणि शहाण्यांच्या आहेत. तिसरी समदुःखी स्त्रीची आहे. त्यांपैकी अखेरपर्यंत विनाअट राहते ती तिसरीच, याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पद्माकराच्या साहाय्याचे स्वरूप अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. त्याची कळकळ खरी आहे, परंतु त्याच्या दृष्टीने बहिणीला वाचविणे म्हणजे तिला नवऱ्यापासून वेगळे करणे होय. मदत हवी तर घर सोड, अशी ही रचना आहे. सुधाकराचा अहंकार याच्या नेमका उलट टोकाला उभा आहे. घरात राहायचे तर माहेरच्या पैशाला शिवू नकोस, असा त्याचा आग्रह आहे. या दोन अटींच्या चिमट्यात सापडलेली सिंधू माहेरची मदत न घेण्याचे व्रत स्वीकारते. तिच्या या निर्णयाला परंपरेने पातिव्रत्याची परिसीमा मानले आणि आधुनिक वाचकाने पुरुषसत्तेला शरण जाणे म्हटले. दोन्ही निष्कर्षांत तथ्यांश आहे. तथापि, दोन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सिंधूसमोर खरोखर दोन पर्याय होते, असे दोन्ही मानतात. नाटकाचा मजकूर मात्र असे दर्शवितो की, नवऱ्यासह, मुलासह त्याच घरात राहून मदत मिळावी हा तिसरा पर्याय तिला कोणीही दिला नाही. तिच्या व्रताची मीमांसा करताना या न दिलेल्या पर्यायाचाही विचार व्हावयास हवा.

शपथ, विनोद आणि उपचार

सुधाकराच्या व्यसनावर नाटकात कोणता उपचार होतो ? उत्तर स्पष्ट आहे : शपथ. पश्चात्तापाच्या क्षणी तो मद्यत्यागाचा निश्चय करतो आणि सारे घर त्या निश्चयावर विसंबून राहते. वैद्यकशास्त्र या नाटकात प्रवेश करते ते तळीरामाच्या आजारपणात, आणि तेही विनोदाच्या रूपाने. डॉक्टर आणि वैद्य यांच्या वितंडवादातून प्रेक्षकांत हशा पिकतो, रोग्याला मात्र काही लाभ होत नाही. म्हणजेच व्यसनासाठी शपथ आणि शरीरासाठी औषध, अशी विभागणी नाटकाच्या विश्वात आहे. व्यसन हाच आजार असू शकतो, ही कल्पना तेथे नाही. त्या काळाचा विचार करता ही उणीव नाटककाराच्या माथी मारता येणार नाही. परंतु त्याचे परिणाम मात्र नोंदविले पाहिजेत. दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबविली तर कंप, भ्रम, झटके येऊ शकतात व प्रसंगी जिवालाही धोका संभवतो. शपथेचा क्षण नैतिकदृष्ट्या उदात्त असला तरी देखरेखीविना तो वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचा ठरू शकतो, हे आजचा वाचक जाणतो.

असे असूनही गडकऱ्यांच्या नाट्यदृष्टीने एक सत्य अचूक पकडले आहे. शपथ घेतल्यानंतर सुधाकर काम शोधण्यासाठी बाहेर पडतो आणि प्रतिष्ठितांच्या दारांवरून अपमानित होऊन परततो. दारू सुटलेल्या माणसावर कोणी विश्वास टाकत नाही. त्यानंतरच तो पुन्हा प्याल्याकडे वळतो आणि या वेळी मृत्यूपर्यंत न थांबण्याच्या निर्धाराने वळतो. समीक्षकांनी या प्रसंगाचे खापर सुधाकराच्या दुर्बल इच्छाशक्तीवर फोडले. वास्तविक नाटकाच्या रचनेत पहिला प्याला आणि अखेरचा प्याला या दोहोंच्या आधी एकच गोष्ट घडते : उपजीविकेचा मार्ग बंद होणे आणि त्यासोबत होणारा अपमान. रचनेतील हे साम्य योगायोगाचे मानता येत नाही. व्यसनमुक्तीनंतरच्या पुनर्वसनाचे महत्त्व आज समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. नाटककाराने ते शतकापूर्वी एका प्रवेशात उभे केले होते.

भगीरथाचे पात्र या संदर्भात निर्णायक ठरते. प्रेमातील निराशेमुळे मद्याकडे वळलेला हा तरुण रामलालच्या सहवासात सावरतो, त्याला लोकसेवेचे ध्येय सापडते आणि अखेर त्याचे आयुष्य मार्गी लागते. एकदा घेतलेला प्याला सुटत नाही, या नाटकाच्या मध्यवर्ती सूत्राला भगीरथ हा सरळ अपवाद आहे. टीकाकारांना ही नाटकातील विसंगती वाटू शकेल. परंतु भगीरथ का सुटतो आणि सुधाकर का सुटत नाही, याचे उत्तर स्वभावभेदाइतकेच परिस्थितिभेदातही आहे. भगीरथ एकटा आहे. त्याला माणूस, काम आणि ध्येय मिळाले की पुरे होते. सुधाकराला बायको आहे, मूल आहे, चूल आहे. त्याच्या उपचारासाठी त्याच्या घराचाही काही बंदोबस्त व्हावा लागतो आणि तसा बंदोबस्त नाटकातील एकाही सुजनाला सुचत नाही. रामलालचा उपदेश व्यक्तीला उद्देशून आहे, पद्माकराचा पैसा बहिणीला उद्देशून आहे. कुटुंब या घटकाला उद्देशून कोणाकडेच काही नाही. या शोकांतिकेचे एक प्रमुख कारण येथे दडलेले आहे.

सिंधूचा खोटा जबाब

अखेरच्या अंकात सुधाकराच्या हातून मुलाचा जीव जातो आणि सिंधूही प्राणांतिक जखमी होते. फौजदारासमोर मात्र ती नवऱ्याचा अपराध झाकते व अपघाताची सबब सांगते. हा प्रसंग सतीत्वाच्या उदात्तीकरणाचा कळस मानला जातो आणि आजच्या वाचकाला तो असह्यही वाटतो. परंतु त्यातील सामाजिक सत्य अजून शिळे झालेले नाही. व्यसनी पुरुषाच्या घरातील स्त्री शासनयंत्रणेसमोर खरे का सांगत नाही, हा प्रश्न समुपदेशकांना, पोलिसांना आणि शासकीय योजनांची चौकशी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना आजही पडतो. खरे सांगितल्यास मिळणारी मदत कोणती आणि ओढवणारे संकट कोणते, याचा हिशेब ती मनोमन मांडत असते. नाटकात फौजदाराजवळ शिक्षा आहे, उपचार नाही. अशा यंत्रणेसमोर सिंधूचे मौन भावनिक असले तरी व्यावहारिकदृष्ट्या अनाकलनीय नाही. जी यंत्रणा केवळ दंड करू शकते, तिला सत्य कळण्याची शक्यता कमी असते.

निराधारांच्या यादीत सिंधू

आता नाटकाबाहेर येऊन एक प्रश्न विचारणे उचित ठरेल. सिंधू आज नागपूरच्या तहसील कार्यालयात अर्ज घेऊन उभी राहिली, तर तिला काय मिळेल ? राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना राबविली जाते. तिच्या लाभार्थ्यांत निराधार विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ मुले, एवढेच नव्हे तर तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी यांचाही समावेश आहे. २०२३ मध्ये या योजनेचे मासिक साहाय्य १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. योजनेची व्याप्ती निश्चितच व्यापक व मानवतावादी आहे. तथापि, नवरा हयात आहे, घरात आहे, परंतु व्यसनामुळे त्याची मिळकत शून्य आहे, अशा स्त्रीचा स्वतंत्र वर्ग त्या यादीत नाही. नवरा मेला, सोडून गेला वा तुरुंगात गेला की ती निराधार ठरते. तो घरात झिंगून पडलेला असेपर्यंत कागदोपत्री ती साधार असते. पद्माकराची अट येथे शासकीय भाषेत पुन्हा अवतरते : मदत हवी तर आधी नवऱ्यापासून वेगळी हो.

मृत्यूनंतरच्या साहाय्याचेही असेच आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयोगटातील कमावती व्यक्ती मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. यकृताच्या विकाराने नवरा दगावल्यावर मदत आहे, तो दगावू नये म्हणून त्याच्या घराला उपचारकाळात आधार मात्र नाही. विदर्भाला परिचित असलेला दुसरा दाखला शेतकरी आत्महत्यांचा आहे. मृताच्या कुटुंबाला १ लाख रुपयांचे साहाय्य देण्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा व वसुलीचा तगादा या कारणांची छाननी होते आणि प्रकरण पात्र की अपात्र हे ठरते. अशा रचनेत दारूचा उल्लेख कुटुंबाला अडचणीचा वाटल्यास नवल नाही. कर्ज आणि दारू ही एकाच माणसाच्या आयुष्यात एकमेकांत गुंतलेली असतात, अर्जाच्या रकान्यांत मात्र ती एकमेकांना छेद देतात. सिंधूच्या खोट्या जबाबाची परिस्थिती अशा रीतीने नियमांतूनच निर्माण होते.

जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने या चित्रात महत्त्वाचा बदल केला, हे मान्य केले पाहिजे. २१ ते ६५ वयोगटातील व अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विवाहित स्त्रीलाही तीतून दरमहा १,५०० रुपये थेट स्वतःच्या बँक खात्यात मिळू लागले. नवऱ्यापासून वेगळे न होता साहाय्य, हा सिंधूला न मिळालेला तिसरा पर्याय अंशतः तरी प्रत्यक्षात आला. परंतु रक्कम खात्यात जमा होते, उपचार घरापर्यंत येत नाहीत. ज्या घरात बँकेचे कार्ड किंवा काढलेली रक्कम नवऱ्याच्या हाती जाते, तेथे हे साहाय्य व्यसनालाच हातभार लावण्याचा धोका असतो. त्यावरचा उपाय म्हणून साहाय्य थांबविणे अन्यायाचे होईल. साहाय्यासोबत उपचाराची वाट दाखविणे हाच योग्य उपाय आहे.

उपचारव्यवस्था आणि रोजंदारी

उपचारांच्या बाजूचे चित्रही समाधानकारक नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यविषयक समस्येसाठी मदतीची गरज आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे आढळले. दाखल होऊन उपचार घेणाऱ्याचे प्रमाण १८० मध्ये एक इतके अल्प होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. म्हणजे कायद्याने शपथेचा काळ संपवून उपचाराचा काळ सुरू केला आहे. नागपुरात ब्रिटिशकाळापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकृतिशास्त्र विभाग आहे, स्वयंसेवी संस्था आहेत, मद्यपी अनामिकांचे गट आहेत. तरीही रोजंदारीवरच्या कुटुंबाचा प्रश्न वेगळाच राहतो.

महिनाभर दाखल होणे म्हणजे महिनाभराची मजुरी बुडणे. उपचार विनामूल्य असले तरी त्यांची किंमत घर चुकवीत असते. नवऱ्याला घेऊन रुग्णालयात जाण्यासाठी बायकोला स्वतःच्या कामावर खाडा करावा लागतो. बरा होऊन परतलेल्या माणसाला ठेकेदार पुन्हा कामावर घेईलच याची शाश्वती नसते. सुधाकराच्या दारोदार फिरण्याचा प्रवेश येथे दररोज घडत असतो. तहसील कार्यालयाला घर दिसते पण व्यसन दिसत नाही, व्यसनमुक्ती केंद्राला व्यसन दिसते पण घराची चूल दिसत नाही. एक कार्यालय महसूल विभागाच्या यंत्रणेत, दुसरे आरोग्य वा सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर. एकाच कुटुंबाची दोन स्वतंत्र प्रकरणे दोन ठिकाणी पडून राहतात.

‘मुक्तांगण’ : एक प्रतिसंहिता

मराठी साहित्यात ‘एकच प्याला’ला खऱ्या अर्थाने उत्तर देणारे लेखन अनिल अवचट यांचे आहे. ‘गर्द’ या पुस्तकात त्यांनी ब्राऊन शुगरच्या विळख्यातील तरुणांचे वास्तव मांडले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारातून पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या परिसरात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्याचा प्रवास ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात आला आहे. अवचटांची शैली गडकऱ्यांच्या शैलीच्या अगदी विरुद्ध टोकाची आहे. तीत अलंकार नाहीत, आवेश नाही, बोलण्याच्या ओघात सांगितलेली माणसे आहेत. या शैलीभेदाचे मूळ दृष्टिभेदात आहे. गडकऱ्यांच्या दृष्टीने व्यसनी माणूस हा पतित नायक आहे, अवचटांच्या दृष्टीने तो बरा होऊ शकणारा, पुन्हा घसरू शकणारा आणि पुन्हा उठू शकणारा रुग्ण आहे. शोकांतिकेला एकच शेवट लागतो. उपचाराच्या कथेत मात्र घसरण हा शेवट नसून एक टप्पा असतो.

मुक्तांगणने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला, ही बाब प्रस्तुत विवेचनात विशेष महत्त्वाची आहे. सिंधू आणि गीता यांची भेट तेथे संस्थारूप धारण करते. नवऱ्याचे व्यसन ही आपली चूक नाही, हे एका स्त्रीने दुसरीला सांगणे, हा उपचाराचाच भाग मानला गेला. तथापि, या लेखनाचीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. संस्थेची कथा स्वाभाविकपणे संस्थेच्या दारापर्यंत आलेल्यांची असते. खाड्याच्या भीतीने, भाड्याच्या पैशाअभावी किंवा लाजेपोटी त्या दारापर्यंत न आलेल्यांची कथा मराठीत अद्याप पुरेशी लिहिली गेलेली नाही. निराधार योजनेच्या रांगेत उभी असलेली स्त्री ही त्या न लिहिलेल्या कथेची नायिका आहे.

दारूबंदी आणि अटींचा मोह

विदर्भाने या प्रश्नाला दिलेले सर्वांत ठळक उत्तर दारूबंदीचे आहे. नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविली गेली. या लढ्यांत आणि गावोगावच्या ‘आडवी बाटली’च्या मतदानांत स्त्रियांनी दाखविलेले धैर्य म्हणजे सिंधूच्या मौनाला मिळालेला सामुदायिक आवाज होय. बंदीच्या परिणामकारकतेविषयी मतभेद आहेत व ते राहतील. परंतु बंदी असो वा नसो, ज्याचे शरीर आधीच दारूवर अवलंबून आहे त्याला उपचार लागतात आणि त्याच्या घराला त्या काळात आधार लागतो. दुकान बंद केल्याने ही जबाबदारी संपत नाही.

दुसरा मोह अटींचा आहे. व्यसन असेल तर अनुदान बंद, असा विचार वरकरणी तर्कशुद्ध वाटतो. अमेरिकेत १९९६ च्या कल्याण-सुधारणा कायद्याने अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना काही साहाय्यांपासून आजन्म वंचित ठेवण्याची तरतूद केली आणि त्यातून सूट देण्याचा अधिकार राज्यांना दिला. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये साहाय्य मागणाऱ्या सर्वांना अमली पदार्थांची चाचणी सक्तीची केली. ती काही महिन्यांतच न्यायालयाने थोपविली, तोवर चाचणी झालेल्यांपैकी केवळ २.६ टक्के व्यक्ती दोषी आढळल्या होत्या. २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही ही सक्ती घटनाबाह्य ठरविली. साहाय्य घेणारा तो व्यसनीच असणार, हा समज त्या आकड्याने खोटा ठरविला. अट घातल्याने व्यसन सुटत नाही, लपविले जाते. फौजदारासमोरच्या सिंधूने हेच दाखवून दिले आहे. भारतात साहाय्य आणि उपचार यांना जोडताना हा धडा विसरून चालणार नाही. जोडणी सेवेची असावी, शिक्षेची नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष वाङ्मयीन आहे. ‘एकच प्याला’ हे केवळ इच्छाशक्तीच्या पराभवाचे नाटक नाही. साहाय्य एका हाती, उपदेश दुसऱ्या हाती आणि दंड तिसऱ्या हाती असलेल्या समाजात एक कुटुंब कसे विनाश पावते, याचे ते चित्र आहे. सुधाकर, भगीरथ व तळीराम यांच्या तुलनेत आजवर स्वभावाला दिलेले महत्त्व परिस्थितीलाही दिल्यास नाटकातील भासमान विसंगतींचा उलगडा होतो.

दुसरा निष्कर्ष सामाजिक धोरणाशी संबंधित आहे. व्यसनामुळे मिळकत गमावलेल्या पुरुषाच्या पत्नीला, ती त्याच्यासोबत राहत असतानाही, निराधार योजनेत स्थान मिळावे. अर्ज स्वीकारणाऱ्या यंत्रणेने व्यसनाची चौकशी अपात्र ठरविण्यासाठी न करता उपचाराकडे पाठविण्यासाठी करावी आणि ही माहिती गोपनीय राखावी. दाखल रुग्णाच्या कुटुंबाला त्या काळात बुडणाऱ्या मजुरीचा काही अंश मिळावा. परतलेल्या माणसाला काम देणे हा उपचाराचाच उत्तरार्ध मानला जावा. यांतील एकही सूचना अवाढव्य खर्चाची नाही. मात्र त्यासाठी दोन कार्यालयांनी एकाच घराकडे एकत्र पाहणे आवश्यक आहे.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाविषयीचा आहे. महाविद्यालयांत हे नाटक मराठी विभागात गडकऱ्यांच्या भाषावैभवासाठी शिकविले जाते आणि व्यसनाधीनता हा विषय समाजशास्त्र व समाजकार्य विभागांत आकडेवारीसह शिकविला जातो. दोन्ही वर्ग एकाच इमारतीत शेजारीशेजारी भरतात. त्या वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी तो प्याला रोज भरला जात असतो आणि त्यांची आई पहाटे उठून कामाला निघत असते. असा विद्यार्थी परीक्षेत सिंधूच्या पातिव्रत्यावर टीप लिहितो, परंतु आपल्या वडिलांना कोठे न्यावे हे त्याला ठाऊक नसते. सावनेरच्या मातीत विसावलेल्या नाटककाराच्या या कृतीचे वाचन त्याला ते विचारण्याचे बळ देऊ शकले, तर समीक्षेचे आणि अध्यापनाचेही प्रयोजन सफल होईल.